दोन ब्रेकची गाडी: पॅनिक अटॅकनंतर रिफ्रेशर क्लास लावावा का?

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पाटीवर ‘रिफ्रेशर’ हा शब्द एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी लिहिलेला असतो. त्याने लायसन कॉलेजात असताना काढलं, गाडी आत्ता घेतली, आणि क्लच नेमका कुठे धरतो ते त्याला आठवत नाही. पॅनिक अटॅकमुळे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यामुळे, गाडी सोडलेला माणूसही शेवटी त्याच पाटीखाली येऊन उभा राहतो आणि त्यालाही तेच दहा दिवसांचं पॅकेज मिळतं. पण त्याचा हात स्टिअरिंगवर चांगला बसलेला असतो. रिव्हर्स, पार्किंग, चढाला गाडी उचलणं हे सगळं त्याला येतं. त्याला भीती वाटते ती स्वतःच्या शरीराची: पुलाच्या मधोमध छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या आणि मागून हॉर्न सुरू झाले तर काय करायचं?

आमचं मत आधीच सांगतो. क्लास लावावा, पण जसा विकला जातो तसा घेऊ नये. अॅप, स्मार्टवॉच, सुगंधी स्प्रे या कशाहीपेक्षा दोन ब्रेकच्या गाडीतले (दुसरा ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाशी) सहा-आठ तास जास्त उपयोगी पडतात. मात्र त्या तासांची मांडणी शिकणाऱ्याने स्वतः करून घ्यावी लागते, कारण शाळेला ती माहीत नसते.

पहिली अडचण वेळेची. शाळांची पॅकेजं सर्रास ‘रोज अर्धा तास, पाच किलोमीटर’ अशी असतात. नवशिक्यासाठी नियमाप्रमाणे किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास गाडी चालवणं ठरलेलं आहे. रिफ्रेशरला असा साचा नाही, म्हणून जो तो आपल्या सोयीने तुकडे पाडतो. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टिपेला पोचतो आणि उतरायला वीस-तीस मिनिटं घेतो. अर्ध्या तासात दहा मिनिटं गल्लीतून बाहेर पडण्यात जातात, अटॅक आलाच तर विसाव्या मिनिटाला येतो, आणि तो उतरायच्या आत ‘चला, वेळ झाली’ म्हणून सर गाडी वळवतात. मेंदू यातून एवढंच शिकतो की परत फिरलो म्हणून वाचलो. म्हणजे पैसे देऊन भीती पक्की करून घेतली. त्यामुळे रोजचा अर्धा तास नको, आठवड्यातून दोन-तीन वेळा सलग साठ ते नव्वद मिनिटं मागा. शाळा कुरकुरेल, कारण तिचं वेळापत्रक अर्ध्या तासाच्या खणांत बसवलेलं असतं. सकाळी साडेनऊनंतर किंवा दुपारी गाड्या रिकाम्या असतात, तेव्हा दोन खण जोडून मिळतात. आणखी एक अट घाला: मागच्या सीटवर पुढचा विद्यार्थी बसवायचा नाही. नवशिक्याला त्याचं काही वाटत नाही. ‘आपलं काहीतरी बिनसेल आणि लोक बघतील’ याच धास्तीत जगणाऱ्या माणसाला मात्र तो मागचा अनोळखी चेहरा पुलापेक्षा जड जातो.

आता दुसरा ब्रेक. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शाळेच्या चारचाकीला दुहेरी नियंत्रण असावंच लागतं. शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो, बहुतेक गाड्यांत क्लचही, अॅक्सिलरेटर सहसा नसतो. पैसे भरण्याआधी डाव्या सीटवर बसून ते पेडल स्वतः दाबून पाहा. उजवीकडचं पेडल त्याबरोबर खाली जायला हवं, मध्ये फुकटची ढिलाई नको आणि खालची मॅट पेडलाखाली सरकणारी नको. शिकवणाऱ्यासाठी मागचं दाखवणारा वेगळा आरसा आहे का तेही बघा. आरसा नसेल तर सर सतत मान वळवून मागे बघत राहतात, आणि त्यांच्या हालचालीने चालवणारा दचकतो.

या पेडलाचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत होतो. ‘मी बेशुद्ध पडलो तर?’ या प्रश्नाचं उत्तर शेजारी बसलेलं असतं, म्हणून माणूस निदान गाडीत बसायला तयार होतो. वास्तविक पॅनिकमध्ये चक्कर आल्यासारखं वाटतं, पण शुद्ध हरपणं विरळा. बेशुद्ध पडायला रक्तदाब एकदम खाली यावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो चढलेला असतो. मुंग्या, हलकं डोकं, बोटं आखडणं हे बहुतेक भरभर श्वासामुळे होतं. श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि सगळं धूसर, दूरचं वाटायला लागतं. लक्षणं भीतिदायक असतात, पण स्टिअरिंग धरायची ताकद त्याने जात नाही. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, तर मात्र ‘पॅनिकच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नये. तिथे १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल.

पेडलाचं दुसरं अंग मात्र तोट्याचं आहे. सरांचा पाय सगळा वेळ ब्रेकवर तरंगत राहिला तर प्रत्येक निभावलेल्या पुलाचं श्रेय त्या पायाला जातं. म्हणून पहिल्याच दिवशी करार करावा. पहिले दोन तास पाय पेडलावर. तिसऱ्या तासापासून पाय जमिनीवर सपाट, आणि तसा ठेवलाय हे सरांनी तोंडाने सांगायचं. पाचव्या-सहाव्या तासाला शाळेची गाडी सोडून घरची गाडी, सर शेजारी. मग सर मागच्या सीटवर. शेवटी सर पुलाच्या पलीकडे चहाच्या टपरीवर उभे आणि गाडीत एकटा चालवणारा. घरच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या हाती फक्त हँडब्रेक असतो. तो बटणाचा, इलेक्ट्रिक असेल तर चालत्या गाडीत बटण ओढून धरलं की काय होतं ते गाडीच्या पुस्तिकेत वाचून दोघांनी आधी बोलून घ्या. गाडी रस्त्यावर असताना ते शोधत बसायची पाळी नको. लायसनची मुदतही त्याच वेळी तपासा. दोन-तीन वर्षं गाडीला हात न लावलेल्यांचं लायसन संपलेलं निघतं, आणि मग विम्याचं सगळं गणित बिघडतं.

शिकवणाऱ्यांच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, स्टिअरिंगला हात घालणं. जीव धोक्यात नसेल तर हात लावायचा नाही हे स्पष्ट सांगा, ‘सर, तोंडाने सांगा, मी वळवतो.’ दुसरी, ‘काही होत नाही हो, घाबरू नका’ हा धीर. त्यामागे चांगुलपणाच असतो, पण दर पाच मिनिटांनी धीर मागणं आणि मिळणं ही त्या भीतीचीच खुराक आहे. पॅनिकच्या क्षणी शेजारच्याने रस्त्याबद्दल बोलावं: ‘पुढे सिग्नल लाल आहे, तिसऱ्यावरून दुसऱ्याला या, डावीकडे रिक्षा आहे.’ चांगला शिकवणारा ओळखायची आमची कसोटी साधी आहे. ‘मला पॅनिक अटॅक येतात’ असं फोनवर सांगा आणि तो काय विचारतो ते ऐका. ‘कुठे येतो, पुलावर की ट्रॅफिकमध्ये?’ असं विचारणारा घ्या. ‘दहा दिवसांत भीती घालवतो, गॅरंटी’ म्हणणारा सोडा.

क्लचबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण शहरातले बरेच अटॅक तिथे सुरू होतात. भीतीने डावा पाय थरथरतो. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडलेला असताना, थरथरणारा पाय म्हणजे गाडीला धक्के, मग गाडी बंद, मग मागचे हॉर्न, मग अटॅक. उपाय असा की गर्दीत गाडी हाफ क्लचवर झुलवत ठेवायचीच नाही. पुढची गाडी थांबली की न्यूट्रल, हँडब्रेक आणि दोन्ही पाय सैल. पुढे दोन गाड्यांइतकी जागा झाल्यावरच पहिला गिअर. इंचाइंचाने सरकणाऱ्याला पाय सैल सोडायला मिळत नाही आणि क्लच प्लेटही जळते. चढावर हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळू सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे क्लच थोपवून रेस द्या आणि मगच हँडब्रेक सोडा, म्हणजे गाडी मागे घरंगळत नाही. गाडी बंद पडलीच तर ब्रेक दाबलेला, क्लच पूर्ण आत, चावी. याला चार-पाच सेकंद लागतात. क्लासमध्ये मुद्दाम दहा वेळा गाडी बंद पाडून दहा वेळा सुरू करून घ्या. हा सराव कुठल्याच पॅकेजात नसतो, आणि हॉर्नची दहशत त्यानेच सगळ्यात लवकर ओसरते.

‘मग ऑटोमॅटिकच घेतो’ असं बरेच जण म्हणतात. घरात आधीच ऑटोमॅटिक असेल तर सुरुवात तिच्यावर करावी, डोक्यावरचा एक भार कमी होतो. पण भीतीपोटी नवी गाडी घेणं आम्हाला महाग औषध वाटतं. शिवाय हिल होल्ड (चढावर ब्रेक क्षणभर आपोआप धरून ठेवणारी सोय) नसलेल्या काही एएमटी (साधा गिअरबॉक्सच आपोआप गिअर बदलतो अशा) गाड्या चढावर थोड्या मागे सरकतात, आणि बेसावध माणूस तिथेच गांगरतो.

मोठ्या शाळांत सिम्युलेटर (पडद्यासमोरची नकली गाडी) असतो, तो दाखवून पॅकेज चढ्या भावाने विकतात. नवशिक्याला गिअरचा क्रम बसवायला तो ठीक. पॅनिकवाल्याला जवळजवळ निरुपयोगी, कारण तिथे अडकायला काहीच नाही, उठलं की दार. काहींना पडद्याकडे बघून मळमळतं, तेवढाच शरीराच्या लक्षणांचा सराव. स्मार्टवॉचला तर आम्ही उणे गुण देऊ. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. दोन सेकंद मनगटाकडे बघितलं की तेहतीस मीटर रस्ता न बघता गेला, आणि नाडीचा आकडा १२० दिसला की तो बघून १३० होतो. क्लासच्या वेळी घड्याळ काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पाण्याची बाटली मांडीवर, एसी थेट तोंडावर, काच अर्धी उघडी, बहिणीचा फोन स्पीकरवर चालू, कायम डावी लेन, खिशात गोळी या सगळ्या त्याच जातीच्या कुबड्या. एकदम फेकायच्या नाहीत, दर टप्प्याला एक सोडायची.

टप्पे शिकणाऱ्याने स्वतः लिहून शाळेला द्यायचे. पुण्याचा नमुना देतो. पार्किंगमध्ये इंजिन चालू, काचा बंद, दहा मिनिटं. सोसायटीभोवती फेऱ्या. रविवारी सकाळी सातला कर्वे रस्ता. तोच रस्ता मंगळवारी संध्याकाळी सहाला, प्रत्येक सिग्नलला मधल्या लेनमध्ये. एक उड्डाणपूल, चारदा जाऊन-येऊन. वारजे ते चांदणी चौक बायपास. मग कात्रजचा नवा बोगदा. येताना बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी कुख्यात आहे. तिथे खालचा गिअर, न्यूट्रल अजिबात नाही, ट्रकच्या पुढे-मागे अंतर, आणि भीतीचा सराव म्हणून संध्याकाळची गर्दी निवडायची नाही. त्यापुढे जुना मुंबई-पुणे हायवे, कारण त्यावर ढाबे, पेट्रोल पंप, बाजूला घ्यायला जागा मिळत राहते. एक्स्प्रेस वे सगळ्यात वर. तिथे सपाटीला कारला ताशी १०० ची मर्यादा, थांबायला मनाई आणि एक्झिट लांब लांब. पहिल्यांदा किवळ्याला चढून तळेगावला उतरा, मग कुसगावपर्यंत, घाट त्यानंतर. मुंबईकरांनी जे.जे. पूल, ईस्टर्न फ्रीवे, मग ५.६ किलोमीटरचा वांद्रे-वरळी सी लिंक असा चढता क्रम ठेवावा. कोस्टल रोडच्या बोगद्यात दोन किलोमीटर मध्ये कुठेही बाहेर पडता येत नाही, म्हणून तो सी लिंकनंतर. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शेवटी.

प्रत्येक टप्प्याआधी कागदावर एक ओळ लिहा: काय होईल असं वाटतंय? ‘बोगद्यात श्वास अडकेल आणि गाडी दुभाजकावर जाईल.’ भीती दहापैकी किती? परत आल्यावर काय झालं ते शेजारी. भीती शून्यावर यायची वाट बघू नका, सात असतानाही गाडी लेनमध्ये राहिली हीच नोंद मोलाची. एक टप्पा वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा झाला की पुढचा. शाळेकडे विद्यार्थ्याच्या गाडी चालवण्याच्या तासांची नोंदवही असते, हा कागद तिच्याशेजारी ठेवला की शिकवणाऱ्यालाही दिशा कळते.

लक्षणं मुद्दाम आणून त्यांची सवय करायची ती गाडी उभी असताना, चावी काढून: एक मिनिट भरभर खोल श्वास, किंवा नाक दाबून एका बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास, किंवा तीस सेकंद मान डावी-उजवी. मुंग्या येतात, गरगरतं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत उतरतं. चालत्या गाडीत हे कदापि नाही. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पार्किंगमध्येही नाही.

चालवताना अटॅक आलाच तर करकचून ब्रेक मारू नये, मागचा आदळतो. अॅक्सिलरेटर सोडा, आरसा, डावा इंडिकेटर, हळूहळू डावीकडे. चालवणं जमत असेल तर वेग थोडा कमी करून चालवत राहा. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, जबडा आणि स्टिअरिंगवरची मूठ सैल. अजिबात जमत नसेल तर सुरक्षित जागी थांबून हँडब्रेक, चारही इंडिकेटर. एक्स्प्रेस वेवर शक्य असेल तर पुढच्या एक्झिटपर्यंत जा. कडेला उभी गाडी ही तिथली सर्वांत धोक्याची जागा, थांबावंच लागलं तर रेलिंगच्या पलीकडे उभे राहा. अटॅक उतरल्यावर यू-टर्न घेऊन घरी येऊ नका. ठरलेला रस्ता पुरा करा, भले पुढच्या चौकापर्यंतच. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत.

क्लास हा उपचाराला पर्याय नाही. आधी डॉक्टरांकडून ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि कानामुळे येणारी चक्कर एवढं तपासून घ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा भीती तात्पुरती शमवणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रतिक्रिया मंदावते. ती घेऊन क्लासला बसू नये, आणि ‘गोळीमुळे जमलं’ असं वाटलं तर तो तासही वाया. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशा रोज घ्यायच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते. त्या सुरुवातीच्या पंधरवड्यात नवे टप्पे सुरू करू नका आणि कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. विचार-वर्तन उपचाराला (सीबीटी, म्हणजे भीतीमागचे विचार आणि सवयी बदलणारा उपचार) ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने पॅनिकसाठी एकूण ७ ते १४ तास सुचवले आहेत, म्हणजे तो वर्षानुवर्षांचा खर्च नव्हे. मानसशास्त्रज्ञाला क्लासचा कागद दाखवला तर दोघांचं काम जुळतं. टेली-मानस, १४४१६, ही मानसिक आरोग्यासाठीची, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची सरकारी फोन सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. पहिलं पाऊल आणि पुढे कुठे जायचं याची दिशा यासाठी चांगली. दर आठवड्याच्या उपचाराची जागा मात्र ती घेत नाही, आणि फोन गाडी उभी करूनच. फिट्स येणाऱ्यांनी, खरोखर शुद्ध हरपलेली असलेल्यांनी हा क्लास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय लावूच नये. मोठ्या अपघातानंतर गाडी सुटली असेल तर आधी त्या आघातावर उपचार, मग क्लास.

व्यवहाराचं थोडक्यात. दर किलोमीटरवर नको, तासावर ठरवा. किलोमीटरवर ठरला की सर सिग्नल टाळून मोकळ्या रस्त्याला नेतात, आणि आपल्याला सिग्नलच हवेत. शिकवणारा मध्येच बदलणार नाही हे लिहून घ्या. ‘आज जमणार नाही’ असं वाटणाऱ्या दिवशी तास रद्द करायची सोय मागू नका. त्या दिवशी फक्त पार्किंगमध्ये बसून इंजिन चालू ठेवायचं, पण सरांनी यायचं, असं ठरवा.

आणि आठ तास घेतले तर सात उन्हाळ्यात वापरा, आठवा जुलैसाठी शिल्लक ठेवायला शाळेला सांगा. पावसात काच उघडी ठेवायची कुबडी आपोआप जाते, समोरची काच आतून धुरकटते, आणि धुरकट बंद काच हे पॅनिकला हवं तसं वातावरण. एसी चालू, हवा समोरच्या काचेवर, बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू. मिनिटभरात काच निवळायला लागते. ते मिनिट गाडीत बसून काढायचा सराव त्या आठव्या तासात करून घ्यायचा.